कल्याणीच्या वाटेवरची मालमोटार

गेल्या भाद्रपदात एका कामानिमित्त सोलापूरहून हुमनाबादेकडे जाण्याचा योग आम्हांस आला. नळदुर्ग मागे पडला, उमरगा ओलांडले, महाराष्ट्राची हद्द सरली आणि थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरे दिसू लागली. भाषा मात्र हद्दीपाशी थबकत नाही. चहाच्या टपरीवर आम्हांस मराठीतच विचारणा झाली, शेजारचा गृहस्थ कन्नडमध्ये बोलत होता, आणि चहावाला दोघांनाही सोडून तिसऱ्याशी दखनी उर्दूत हिशेब करीत होता.

बसवकल्याणास थांबण्याचा आमचा बेत नव्हता. परंतु आमच्या जुन्या जीपगाडीचा बेत निराळा होता. सस्तापूर बंगला या ठिकाणाच्या अलीकडेच तिच्या पंख्याचा पट्टा तुटला, पाणी उकळू लागले आणि वाफेचा लोट समोर उठला. मनात म्हटले, गाडी बिघडायची तर हिने जागा तरी बरी निवडली! बसवकल्याण शहर महामार्गापासून थोडे आत आहे. मालमोटारींचा धंदा हे या शहराचे एक मोठे उपजीविकेचे साधन. महामार्गालगत त्यांच्या दुरुस्तीची एक स्वतंत्र वसाहतच उभी आहे. तिला ऑटोनगर म्हणतात. कोठे कमानींचे पाटे ठोकले जात आहेत, कोठे लेथ घरघरत आहे, कोठे नव्या हौद्याला रंग चढत आहे, असा तेथील देखावा.

आमच्या गाडीचा पट्टा गावातून आणावयाचा होता. मिस्त्रीने आम्हांस एका लाकडी बाकावर बसविले. समोर एक दहाचाकी मालमोटार उभी होती. तिचे मागचे एक चाक काढलेले, खाली गोणपाट अंथरलेले आणि भोवती एक अख्खे कुटुंब जमलेले. वडील साठीच्या घरातले. मुले त्यांस आप्पा म्हणत. थोरला मुलगा गाडी चालवी. धाकटा यंत्रविद्येची पदविका घेऊन आलेला, त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. आई डबा घेऊन आली होती आणि तिच्या मांडीवर एक जाड वही होती. डिझेल, टायर, पथकर, कर्जाचा हप्ता, सारे त्या वहीत. फादर आहेत असे कळताच तिने आमच्यापुढेही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. नको म्हणण्याची सोयच नव्हती.

बोलता बोलता प्रकरण कळले. त्या वर्षी गाडीने घरास फार छळले होते. पावसाळ्याच्या तोंडाशी क्लच प्लेट जळाली. पुढे महिन्याभराने हेड गॅस्केट गेले आणि इंजिनाच्या तेलात पाणी शिरले. त्या दोन दुरुस्त्यांत दोन हप्ते थकले होते. आता कोठे चांगले भाडे मिळाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कलबुर्गीच्या एका डाळगिरणीतून तूरडाळ भरून पुण्यास न्यावयाची. गाडी वेळेवर दारात नसेल तर माल दुसऱ्या गाडीत जाणार, हे उघडच होते. आणि नेमके त्याच दुपारी ब्रेक ढिले वाटू लागले होते.

मालमोटारीचा ब्रेक हवेवर चालतो, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. इंजिनाबरोबर फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा दाबून भरतो. चालकाने पाय दाबला की ती हवा चाकापाशी असलेल्या डबीत शिरते, तेथील रबरी पडदा दांडा पुढे ढकलतो, आणि ब्रेकचे लायनर फिरत्या ड्रमवर घट्ट बसते. त्या पडद्यास चीर गेली तर हवा बाहेर पळते आणि भरल्या गाडीस थांबविण्याचे बळ त्या चाकास उरत नाही. धाकट्याने इंजिन बंद करून, वडिलांस पाय दाबून धरावयास सांगितले व हवेचा काटा आम्हांस दाखविला. काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. मग त्याने साबणाचे पाणी सांध्यांवर ओतले. एका डबीच्या कडेने बुडबुडे उठू लागले.

थोरला म्हणाला, "आप्पा, एवढी एक फेरी करून येतो. कलबुर्गीपर्यंत गाडी रिकामीच आहे. तिथं गेल्यावर बघू."

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "माल भरला की कोणी बघत नाही रे. भाडं ठरलं की गाडी चालतीच वाटते. मीही तुझ्याएवढा होतो."

"आणि हप्ता? आई, तूच सांग."

आईने वही मिटली. ती म्हणाली, "हप्ता वहीत लिहिलेला आहे, तो पुसला जात नाही. पण वाटेत गावं आहेत, शाळा आहेत. त्यांचा हिशेब या वहीत मावायचा नाही."

थोरला काही बोलला नाही. तो उठून टपरीकडे गेला. आम्हांस त्याचा राग समजत होता. गाडी तोच चालवी. रात्रीची जागरणे त्याची, आणि हप्ता मागणाऱ्यांचे बोलणेही त्यालाच ऐकावे लागे.

आमचा पट्टा यावयास दिवेलागण झाली. मग मिस्त्रीनेच आमची मुक्कामाची सोय गावात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ला पाहून घेतला. चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने 11 व्या शतकात हे गाव राजधानी केले, तेव्हा याचे नाव कल्याणी होते. सहावा विक्रमादित्य (इ.स. 1076 ते 1126) याच्या राजसभेत विज्ञानेश्वर पंडिताने 'मिताक्षरा' हा ग्रंथ येथेच रचला. वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्रास जन्मतःच हक्क असतो, हा त्यातील सिद्धांत पुढे कित्येक शतके देशाच्या मोठ्या भागात न्यायालयांनी प्रमाण मानला. किल्ल्याच्या तटावर उभे राहून आम्हांस वाटले, त्या पंडिताच्याच गावी आपण काल एक वडिलोपार्जित मालमोटार पाहिली. तीत मुलांचा हक्क आहेच, पण तिचे हप्ते आणि तिची दुखणीही त्यांच्या वाट्यास आली आहेत.

12 व्या शतकात याच कल्याणीत बिज्जळाचे मंत्री बसवेश्वर यांनी 'कायक' म्हणजे प्रामाणिक श्रम हीच पूजा, ही शिकवण दिली. त्यांच्या अनुभव मंटपात परीट मडिवाळ माचिदेव आणि नावाडी अंबिगर चौडय्या हे मानाने वावरत. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, त्या वेळी गावास बसवेश्वरांचेच नाव मिळाले. 2012 साली त्यांचा 108 फूट उंचीचा पुतळा येथे उभा राहिला. लोकांस नावेत बसवून पैलतीरी नेणारा तो चौडय्या आज असता, तर ऑटोनगरात त्याचा जीव रमला असता, असा विचार आमच्या मनात आला.

परतताना पुन्हा त्या गाडीपाशी गेलो. नवा पडदा बसला होता, परंतु ड्रम उघडल्यावर त्यासही तडा गेलेला दिसला होता. ब्रेक तापून तापून लोखंड असे फाटते. थोरला तो ड्रम हाताने चाचपीत उभा होता. धाकट्याने त्यास काही ऐकविले नाही, हे आम्हांस फार आवडले. कलबुर्गीची डाळ मात्र पहाटेच दुसऱ्या गाडीतून निघून गेली होती.

गाडी जोडली जात असता धाकट्याने आपल्या फोनवर मालमोटारींच्या शर्यतीची चित्रे दाखविली. अशी शर्यत आपल्या देशात प्रथम 23 मार्च 2014 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली. सहा संघ आणि बारा गाड्या होत्या, पण चालक सारे परदेशी. 2016 साली मात्र महामार्गावर रोज गाडी चालविणाऱ्या चालकांतून निवडून शिकविलेले भारतीय चालक तेथे उतरले. युरोपात तर ही शर्यत घराण्यांतूनही चालत आली आहे. जर्मनीचा योखेन हान 2011 ते 2019 या काळात सहा वेळा युरोपचा विजेता ठरला. त्याचे वडील कोनराड हेही शर्यतीत उतरत, आणि मुलगा लुकासही उतरतो. पाच टनांहून जड अशी ती गाडी ताशी 160 किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत धावते आणि वळणावर इतकी तापते की ब्रेकवर पाण्याचे फवारे मारावे लागतात.

"फादर, पळवायला सगळ्यांनाच येतं," धाकटा म्हणाला, "जिंकतो तो ब्रेक सांभाळणारा."

थोरला जवळच होता. तो हसला आणि म्हणाला, "आमची शर्यत महिन्याच्या पाच तारखेला असते, फादर. हप्त्याच्या दिवशी." त्या हसण्यात कालचा राग उरलेला नव्हता. आईने वही उघडून ड्रमची किंमत लिहिली. पुढे आठवड्याभराने आप्पांचा फोन आला. सोयाबीनचे एक भाडे मिळाले होते. डाळीपेक्षा पैसे कमी, तिसरा हप्ताही थोडा मागे पडणार होता. परंतु गाडी नीट थांबते, हे त्यांनी दोनदा सांगितले.

वाचकहो, आपल्याही गावी कोणाचा भाजीचा टेंपो आहे, कोणाची मासेमारीची होडी, कोणाचा विहिरीवरचा पंप. ज्याच्यावर घर चालते तेच कधी अडून बसते, आणि त्या वेळी घरातील माणसे एकमेकांवर चिडतात. "एवढी एक फेरी" असे म्हणणारा कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतो. तो वाईट नसतो, त्याच्या डोक्यावर ओझे असते. त्याचा पाणउतारा न करता गाडी थांबविणारे माणूसही घरात असावे लागते. आम्ही बसवकल्याणचा किल्ला पाहिला, चालुक्यांची कीर्ती ऐकली. परंतु घरी परतल्यावर पुन्हा पुन्हा आठवते ती गोणपाटावर बसलेली ती माउली आणि तिने मिटलेली वही.