अज्ञात कलाकार

बुटांच्या एका जुन्या खोक्यात माझ्याकडे ३७ कॅसेटी होत्या. दर बदलीच्या वेळी पुस्तकांबरोबर ते खोकेही नव्या धर्मग्रामात येई. टेपरेकॉर्डर केव्हाच निकामी झाला होता. तरी खोके टाकून देण्यास हात धजत नव्हता. त्यातल्या एका कॅसेटवर माझ्या अक्षरात लिहिले होते : 'आई, मांडवाची रात्र, १९९१'.

त्या वर्षी मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो. चुलतबहिणीच्या लग्नासाठी वसईला घरी आलो असता उसना टेपरेकॉर्डर मांडवातल्या खुर्चीवर ठेवला आणि बायकांची सामवेदी लग्नगीते मुद्रित करून घेतली. गाणे उचलायची ती आई. बाकीच्या तिच्या मागून म्हणायच्या. १९९९ साली आई देवाघरी गेली. तिचा आवाज राहिला तो तेवढ्या एका कॅसेटमध्ये.

आमच्या गायनमंडळात एक संगणक शिकलेला तरुण आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने ते खोके पाहिले आणि म्हणाला, "फादर, हे सगळं वाचवता येईल. आपल्याच घरात ठेवू, कुणा कंपनीच्या दारात नको." त्याने जुना छोटा संगणक आणला, त्याला दोन हार्ड डिस्क जोडल्या आणि त्यावर जेलीफिन नावाची प्रणाली बसवली. २०१८ साली एम्बी या प्रणालीचा स्रोत बंद करण्यात आला, तेव्हा काही स्वयंसेवकांनी तिच्या आधीच्या खुल्या रूपातून ही वेगळी शाखा काढली. ती मोफत आहे. घरातल्या संगणकावरची गाणी व चित्रफिती ती घरातल्याच दूरदर्शन संचावर किंवा फोनवर नीटनेटक्या मांडून दाखवते. आपले ग्रंथालय, आपलाच ग्रंथपाल.

मग कॅसेटी उतरवण्याचे काम सुरू झाले. एका तासाची कॅसेट उतरवायला पुरता एक तास लागतो. त्यात घाई चालत नाही. आवाजाची जराही हानी न करणाऱ्या 'फ्लॅक' पद्धतीने आम्ही सारे साठवले. आयुष्यभराचा तो ठेवा २५ जीबीसुद्धा भरला नाही! एवढ्याशा जागेत एक अख्खा काळ मावतो हे पाहून मी थक्क झालो.

पण मला खरी भुरळ पडली ती स्वयंचलित व्यवस्थेची. 'आवक' नावाच्या कप्प्यात काहीही टाकावे आणि झोपी जावे. रात्री दोन वाजता यंत्र जागे होई, आवाजाचा जणू अंगठ्याचा ठसा घेई, म्युझिकब्रेन्झच्या सार्वजनिक सूचीशी तो ताडून पाही आणि जुळला की गीताचे नाव, गायक व वर्ष लिहून त्याला योग्य कप्प्यात नेऊन ठेवी. शेवटी पहिल्या डिस्कवर जे असेल तेच दुसऱ्या डिस्कवर करून ठेवी. माझ्याकडच्या बाखच्या आणि ग्रेगोरियन गायनाच्या सीडी अशा एका रात्रीत लावून झाल्या. सकाळच्या मिस्सेआधी मी ते कपाट उघडून पाहत असे आणि मनोमन सुखावत असे.

त्या तरुणाने मला आणखी एक वाट दाखवली. चित्रपटांची यादी द्यावी आणि यंत्राने ते कुठून तरी फुकट शोधून आणावेत, अशीही अवजारे आहेत. मी म्हटले, "अरे बाबा, चोरी नोकराकरवी केली तरी चोरीच ना?" तो हसला आणि ती वाट आम्ही सोडली. आम्ही ठेवले ते केवळ आमचे मुद्रण आणि विकत घेतलेल्या सीडी.

गंमत अशी की, ज्या यंत्राने बाखला क्षणात ओळखले, त्याला माझी आई ओळखता येईना. साहजिकच होते. ते ओळखते ते जगाने आधी नोंदवून ठेवलेल्यांनाच. बहिणीच्या लग्नाच्या चित्रफितीला मी नुसते 'लग्न' असे नाव दिले होते. त्यावर यंत्राने कुठल्याशा परक्या चित्रपटाचे पोस्टर डकवून दिले! आणि मांडवातली गाणी, नाताळची जुनी तालीम, वडिलांनी सांगितलेली शेतीची माहिती, हे सारे एकाच कप्प्यात जाऊन पडले. कप्प्याचे नाव होते 'अज्ञात कलाकार'.

यापुढचे सांगताना आजही संकोच वाटतो. उपवासकाळातल्या एका रात्री मला आवराआवरीची हुक्की आली. त्या अज्ञात कप्प्यात अर्धवट उतरलेल्या प्रती, कोऱ्या बाजूंची खरखर, असा पुष्कळ कचरा साठला होता. जे कामाचे असेल ते यंत्राने आधीच लावून ठेवले असणार, असे मी गृहीत धरले आणि सबंध कप्पा पुसून टाकला. रात्री दोन वाजता यंत्र आपल्या कर्तव्याला जागले. पहिल्या डिस्कवर कप्पा नाही, म्हणून त्याने तो दुसऱ्या डिस्कवरूनही पुसला. मी दोन प्रती आहेत म्हणून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात एकच वस्तू दोन आरशांत पाहत होतो.

तीन आठवड्यांनी आईची पुण्यतिथी आली. सायंकाळी तिचा आवाज ऐकावा म्हणून शोधू लागलो, तेव्हा काय घडले ते ध्यानात आले. त्या तरुणाने पुष्कळ खटपट केली. पण रिकाम्या झालेल्या जागेवर एव्हाना दुसरी मुद्रणे लिहिली गेली होती. मूळ कॅसेट पुन्हा लावली, तर जुनी फीत चाकांत गुंतली आणि तुटली. त्या रात्री मला झोप आली नाही. आईला मी दुसऱ्यांदा मूठमाती दिली, आणि तीही स्वतःच्या हाताने, असे वाटत राहिले.

वाचवले ते धाकट्या बहिणीने. ती दुबईला असते. दुसऱ्या दिवशी फोनवर मी रडवेला झालेला पाहून ती म्हणाली, "दादा, तूच नाही का मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतंस?" मी विसरून गेलो होतो. त्या प्रतीत आवाज थोडा दबलेला आहे, पाठीमागची ढोलकी बारीक झाली आहे. पण गाणे उचलणारा गळा आईचाच आहे.

आता आमची व्यवस्था बदलली आहे. जाणकार सांगतात, तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असावी. आमची तिसरी डिस्क बहिणीच्या सासरी असते व महिन्यातून एकदाच संगणकाला भेटते. पुसलेली वस्तूही साठ दिवस बाजूला राखून ठेवली जाते. पोचवणे, मोजणे, प्रती काढणे ही कामे यंत्र आजही रात्री दोन वाजता करते आणि माझ्यापेक्षा नेटकी करते. मात्र पुसण्याचा आणि नाव देण्याचा अधिकार आम्ही त्याच्याकडून काढून घेतला आहे.

नाव देण्यासाठी आता दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी गावातल्या म्हाताऱ्या बायका सभागृहात जमतात. आम्ही गाणे लावतो. पहिल्या दिवशी एका मावशीने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, "फादर, तुमच्या आईच्या मागून जी तान येते ना, ती माझी नणंद. पुढच्याच पावसात गेली ती." सारे सभागृह स्तब्ध झाले. फाइलीच्या पोटातच गायकाच्या नावाचा रकाना असतो. तरुणाने तिथे ते नाव लिहिले आणि यंत्राने पुन्हा बदलू नये म्हणून त्यावर कुलूप लावले. आजवर त्या गाण्यातले सहा आवाज ओळखले गेले आहेत.

मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, हे मी वेदीवरून कितीदा तरी सांगितले असेल. पण ज्यांच्या गाण्यावर आमची लग्ने लागली, त्यांना मी 'अज्ञात' या नावाखाली ठेवून निश्चिंत झोपलो होतो. दोष यंत्राचा नव्हता. त्याला जे कुणी सांगितलेच नाही, ते त्याने कुठून सांगावे?

सातवा आवाज अजून कुणाला ओळखता आलेला नाही. किंचित चिरका, कडव्याच्या शेवटी एक क्षण मागे राहणारा. त्या रकान्यात आम्ही 'अज्ञात' लिहिलेले नाही. 'मांडवातली आणखी एक बाई. विचारणे चालू आहे' असे लिहिले आहे. ज्या मावशींना अजून ऐकवलेले नाही, त्या चार-पाच जणी गावात आहेत. पुढच्या रविवारी त्यांना आणायला गाडी पाठवायची आहे.