इन्शुलिनची पिशवी आणि पोलंडचे सहा दिवस

एप्रिल लागला की दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांचा रंग बदलतो. ताप-खोकल्याचे औषध लिहून झाल्यावर दारापर्यंत गेलेली आई मागे वळून विचारते, "डॉक्टर, मुलांना घेऊन बाहेरगावी जायचंय, कोणती औषधं जवळ ठेवू?" पूर्वी हे बाहेरगाव म्हणजे तोरणमाळ, सप्तशृंगगड, फार तर महाबळेश्वर असे. आता धुळे-जळगावच्या मध्यमवर्गीय घरांतूनही दुबई, सिंगापूर आणि क्वचित युरोपची नावे ऐकू येतात. औषधांची यादी मी लगेच लिहून देते. मात्र मुलांबरोबरच्या प्रवासात ही यादी म्हणजे सर्वांत सोपे काम असते, हे मला माझ्याच घरातल्या एका प्रवासाच्या आखणीने पुरते समजावले.

माझा मुलगा नोकरीनिमित्त पोलंडमधील क्राकोव शहरात राहतो. त्याच्याकडे सहा दिवस जाऊन यावे, जळगावच्या धाकट्या भावाचे कुटुंबही बरोबर असावे, असा विचार निघाला. भावाला दोन मुले, मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सहाची. मुलाला आठव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. वाचकांसाठी थोडे स्पष्ट करते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते आणि मग इन्शुलिन बाहेरून घेण्यावाचून पर्याय राहत नाही. ते एक दिवसही बंद ठेवता येत नाही. निदान झाल्यापासून तीन वर्षांत या मुलाने जळगाव जिल्ह्याची हद्द ओलांडली ती केवळ तपासणीसाठी. शाळेने त्याला अजिंठ्याच्या सहलीला नेण्याचे टाळले होते. लग्नकार्यालाही आई-वडिलांपैकी एकजण त्याच्यासह घरी थांबे. भावजयीचे म्हणणे सरळ होते. "ताई, तिकडे मध्यरात्री याची साखर उतरली तर मी कोणाला हाक मारू?"

हा प्रश्न मी आखणीचा पाया मानला. कोणती स्थळे पाहायची, हे नंतर ठरले.

येथे एक स्पष्ट करते. मी सामान्य व्यवसाय करणारी एमबीबीएस डॉक्टर आहे. लहान मुलांच्या मधुमेहाचे तज्ज्ञ वेगळे. म्हणून निघण्याच्या दीड महिना आधी मुलाला त्याच्या तज्ज्ञांकडे नेले आणि इन्शुलिनच्या वेळांचा तक्ता त्यांच्याकडून लिहून घेतला. उन्हाळ्यात पोलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. येथे रात्री साडेनऊला घेतले जाणारे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन तेथे सायंकाळी सहाला येते. ते एकदम पुढे ढकलायचे की टप्प्याटप्प्याने, हे प्रत्येक मुलागणिक बदलते. आमचा तक्ता येथे छापत नाही, कारण कोणी तो उचलून आपल्या मुलाला लावू नये.

त्याच भेटीत इंग्रजीत एक पत्र घेतले. आजार, औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा, सुया आणि ग्लुकोमीटर जवळ बाळगण्याचे कारण, एवढे त्यात होते. कंपन्यांची नावे देशोदेशी बदलतात, मूळ नाव बदलत नाही.

खान्देशात इन्शुलिनचा खरा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि वीज गेली की फ्रिजचाही भरवसा उरत नाही. आमच्याकडे अनेक घरांत ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात इन्शुलिनचा डबा ठेवतात. ही जुनी युक्ती खरोखर उपयोगी पडते. विमानात मात्र धोका उलटा असतो. सामानाच्या तळघरात औषध गोठण्याची भीती असते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामीच. म्हणून सगळे इन्शुलिन हातातल्या सामानात घेतले, तेही दोन पिशव्यांत निम्मे निम्मे. एक भावाकडे, एक माझ्याकडे. गरजेच्या दुप्पट साठा घेतला. मुक्कामाच्या फ्रिजमध्येही ते बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवायचे नाही, हे भाचीच्या भाषेत सांगायचे तर "औषधाला थंडी वाजू द्यायची नाही". 

व्हिसासाठी प्रवासविमा लागतोच. शेंगेन देशांसाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे. आकडा पाहून पालक निश्चिंत होतात. परंतु पॉलिसीतील 'आधीपासून असलेले आजार' हे कलम बारकाईने वाचले पाहिजे. काही पॉलिसी अशा आजारांचा खर्च देतच नाहीत, काही केवळ जीव वाचवण्यापुरता देतात. भावाने आधी निवडलेल्या स्वस्त पॉलिसीत मधुमेहाला सरळ वगळले होते. आम्ही ती सोडली. आजार लपवून विमा घेण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नये. दाव्याच्या वेळी तोच कागद आडवा येतो. बाकी व्हिसाचे काम मुलांसाठी कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. जन्मदाखले आणि आई-वडील दोघांचीही संमती लागते. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, यामुळे आमचा अकरा वर्षांचा गडी थोडा हिरमुसला.

खाण्याचे काय, हा आजीचा प्रश्न. तिने तुपातले लाडू, पेढे आणि आमरसाची तयारी मांडली होती. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दूध व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे पेढे-तूप मागे राहिले. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळे मोजून पाच: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. जळगावकरांना याहून मोठा सन्मान कोणता? भावाने सहा केळी अभिमानाने पिशवीत घातली. मुंबईला पोचेपर्यंत ती संपली, हा भाग वेगळा. आमच्या डब्यात भाजलेले शेंगदाणे, खाकरे, मेतकूट आणि ग्लुकोजच्या पावडरीची चार पाकिटे होती.

पोलंडमध्ये एक सोय अनपेक्षितपणे उपयोगी पडली. तेथील पाकीटबंद पदार्थांवर शंभर ग्रॅममध्ये कर्बोदके किती, हे छापलेले असते. आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी 'वेंग्लोव्होदानी' हा पोलिश शब्द पाठ केला, त्याचा अर्थच कर्बोदके. दुकानात शिरला की पाकीट उलटे करून तो शब्द शोधायचा आणि बापाला आकडा सांगायचा. घरी वरण-भात आणि कळण्याच्या भाकरीचा अंदाज त्याची आई डोळ्यांनी करते. येथे ते काम पहिल्यांदा त्याच्या हाती आले. बटाटा किंवा पनीर भरलेले, उकडलेल्या करंजीसारखे पिएरोगी मुलांना आवडले. एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकाने कायद्याने बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध, ब्रेड, फळांचा रस घरात हवा. औषधाच्या दुकानाला 'आप्तेका' म्हणतात आणि आपत्कालीन दूरध्वनी ११२. हे दोन्ही आम्ही एका कार्डावर लिहून मुलाच्या खिशात ठेवले होते. पत्ता, आजाराचे नाव आणि 'बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नका' हे पोलिश भाषेत त्याच कार्डावर माझ्या मुलाने लिहिले.

स्थळे निवडताना नियम एकच ठेवला. सकाळी एक मोठी गोष्ट, दुपारी मोकळे मैदान. प्रवास कंपन्यांच्या पत्रिकेत एका दिवसात पाच ठिकाणे असतात. ती प्रौढांच्या फोटोंसाठी लिहिलेली असतात. सहा वर्षांचे मूल दगडी फरशीवर दोन तासांत थकते आणि थकलेले मूल चिडते, मग घरातले सगळेच चिडतात. क्राकोवच्या वावेल टेकडीच्या पायथ्याशी दर काही मिनिटांनी तोंडातून खरी आग सोडणारा ड्रॅगनचा पुतळा आहे. किल्ल्यातील दालने मोठ्यांनी आळीपाळीने पाहिली, मुले ड्रॅगनपाशीच बसली. मला ती वाटणी योग्य वाटते.

व्येलिच्का येथील मिठाची खाण मात्र दोघांना दाखवली. आत वर्षभर १७-१८ अंश तापमान असते, म्हणून मेमध्येही स्वेटर लागतो. साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालणे आणि एकूण सुमारे ८०० पायऱ्या, त्यातल्या पुष्कळशा सुरुवातीलाच उतरायच्या. मधुमेही मुलासाठी हा चांगलाच व्यायाम. उतरण्यापूर्वी साखर तपासली, खाऊ दिला. पुढची खबरदारी अनेकांना ठाऊक नसते. भरपूर चालण्याचा परिणाम त्याच वेळी संपत नाही, स्नायू नंतरही कित्येक तास साखर ओढत राहतात, म्हणून रात्री साखर उतरू शकते. तज्ज्ञांनी अशा दिवशी रात्रीची मात्रा किती कमी करायची ते तक्त्यात लिहिले होते, शिवाय पहाटे तीनचा गजर लावायला सांगितले होते.

तीनला भावजयीने तपासले तेव्हा साखर ६२ होती. ग्लुकोजची पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ९४. मग दोन बिस्किटे. तिने मला उठवले नाही, मला हे सकाळी वहीत वाचायला मिळाले. वेळ, आकडा, काय दिले, सारे नीट टिपलेले. त्या वहीवर तिने काहीही टीका केली नाही. चहा देताना एवढेच म्हणाली, "ताई, इथं साडेचारलाच उजाडतं हो." मेअखेर तेथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो आणि पहाटही फार लवकर होते. मुलांच्या झोपेसाठी जाड पडदे आहेत का, हे खोली घेण्याआधी विचारलेले बरे.

क्राकोवपासून ऑश्विट्झचे छळछावणी संग्रहालय जवळ आहे आणि प्रत्येक सहलीत ते सुचवले जाते. चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये, असे संग्रहालयच सुचवते. आम्ही मुलांना नेले नाही. मी आणि भाऊ जाऊन आलो. युद्धाची दुसरी बाजू मुलांना वॉर्सात दाखवली, अडीच तासांच्या रेल्वेप्रवासानंतर. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला होता. त्यांनी कृतज्ञतेने वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक उभारले आहे. परक्या हवेत, परक्या अन्नावर त्या आयांनी पाच वर्षे मुले वाढवली. भावजय त्या फलकापुढे बराच वेळ उभी होती. मुलांना तेथून वाझिएंकी बागेतल्या खारींकडे पळायचे होते, तसे ती पळालीही.

परतीचा सर्वांत कठीण टप्पा पोलंडमध्ये नव्हता. तो मुंबई ते जळगाव. मेच्या उन्हात स्टेशनवरचा अर्धा तास औषधाला जास्त घातक. उरलेल्या इन्शुलिनची पिशवी थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता ठेवली आणि वातानुकूलित डब्याचे तिकीट पोलंडच्या तिकिटांबरोबरच काढून ठेवले होते. घरी पोचल्यावर आधी पिशवी फ्रिजमध्ये गेली, मग चपला निघाल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भावजयीने ती वही, तज्ज्ञांचे पत्र आणि खिशातले कार्ड घेऊन मुख्याध्यापकांची वेळ मागितली. सहल यंदा डिसेंबरात आहे. रात्री तीनच्या तपासणीसाठी एका शिक्षकाला ग्लुकोमीटर शिकवायला मी जळगावला जाणार आहे.