काचेवरचे तीळ

टँकच्या पुढच्या काचेवर तिळासारखे पांढरे ठिपके दिसायला लागले, तेही नेमके डोळ्यांच्या उंचीला. नखाने निघेनात, स्पंजाने निघेनात. जुन्या एटीएम कार्डाची कड लावली की एखादा सुटायचा आणि जागेवर गोल वळ ठेवून जायचा. नेराइट गोगलगाय घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "ताई, बिनधास्त न्या, हिची पिल्लावळ होत नाही." खरंच बोलला. पिल्लावळ होत नाही, अंडी होतात.

एकेक ठिपका म्हणजे कितीतरी अंड्यांची बंद डबी. तिच्यातून निघणाऱ्या अळीला वाढायला मचूळ नाहीतर खारं पाणी लागतं आणि आमच्या हॉलमधून समुद्राकडे वाट नाही. हवाई बेटांवर हिची एक नातलग आहे, तिला तिथले लोक हिहिवाई म्हणतात आणि आवडीने खातात. ती ओढ्यातल्या दगडांवर अंडी घालते, अळ्या प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, तिथे अंगावर कवच येतं, मग त्या इवल्या गोगलगायी नदीच्या मुखाशी परततात आणि प्रवाहाच्या उलट वर चढत राहतात. बाजारातल्या बहुतेक नेराइट अशाच कुठल्या तरी खाडीतून किंवा ओढ्यातून वेचून आणलेल्या असतात, कारण टाकीत त्यांची पैदास करणं फार जिकिरीचं. म्हणजे माझ्या काचेवरून जी बाई एवढ्या सावकाश सरकते, ती समुद्र बघून आलेली असण्याची शक्यताच जास्त. हे कळल्यापासून एटीएम कार्ड ड्रॉवरमध्ये आहे.

शेवाळ खाणारी गोगलगाय निवडायची तर आधी शेवाळ कुठलं ते बघावं. नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर बसतो, तो डायटमचा. तो बहुतेक सगळ्याजणी चाटून खातात. जुन्या काचेवरचे कडक हिरवे ठिपके घासायला नेराइटच हवी. पानांच्या कडांना येणाऱ्या काळ्या दाढीकडे मात्र सहसा कुणी ढुंकून बघत नाही. आणि निळसर-हिरवा बुळबुळीत थर म्हणजे तर शेवाळच नव्हे, जिवाणू. तिथे गोगलगायीचं काही काम नाही.

दुकानात सगळ्यात देखणी मिस्ट्री. पिवळीधमक, लिंबाएवढी, लांब मिशांची. शेवाळाचं म्हणाल तर तिचं लक्ष उकडलेल्या काकडीकडे जास्त. पण मला तिच्याविषयी आपलेपणा आहे, कारण तिची चुलतबहीण माझ्या हाताखालून गेली आहे.

बी.एस्सी.ला झूऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला पायला असायची. पायला ग्लोबोसा. लॅबमधले मामा पाऊस सरला की कुठल्याशा तळ्यावरून बादली भरून आणत. बादलीवर जाळी, जाळीवर वीट. तरी सकाळी दोघी-तिघी भिंतीवर चढलेल्या. पाण्यात असताना कल्ल्याने श्वास, जमिनीवर फुप्फुसाच्या पिशवीने. दोन्ही सोयी एकाच अंगात. तळं आटलं की चिखलात शिरायचं, झाकण ओढून घ्यायचं आणि पावसाची वाट बघत पडून राहायचं. "इतका पेशन्स तुमच्यात असता तर सगळे पास झाला असता," असं सर दरवर्षी म्हणत असावेत. आमच्या वर्षी तरी म्हणाले.

परीक्षेत हमखास यायचा तो रॅड्युला. तोंडाचा मांसल गोळा काढायचा, टेस्ट ट्यूबमध्ये कॉस्टिक पोटॅश घालून उकळायचा. सगळी लॅब त्या वासाने भरायची, कोपऱ्यातली मुलं खिडकीकडे सरकायची. मांस विरघळून जायचं आणि तळाशी राहायची एक बारीकशी फीत, ओल्या कागदाइतकी नाजूक. ती धुवायची, काचपट्टीवर सुयांनी उलगडायची, आणि इथेच निम्म्या वर्गाची फाटायची. माझी न फाटता बसली त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं. दात. नुसते दात. मधे एक, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, मग कडेचे दोन-दोन. सात दातांची एक रांग, आणि अशा रांगांमागून रांगा, नजर पोचेल तिथवर. पुढचे झिजून गळतात, मागून नवे सरकत येतात. सर म्हणाले, काढा जर्नलमध्ये, शेडिंग करायचं नाही, रेघ तुटता कामा नये. मी काढत बसले ती मामांनी दिवे घालवेपर्यंत.

पुढे यूजीसीने प्राणी कापणं बंद करायला लावलं. ते योग्यच झालं. तरी ती फीत न बघता झूऑलॉजीची पदवी घेणाऱ्यांची मला थोडी कीव येते. २०१५मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी समुद्रकाठच्या खडकांवर राहणाऱ्या लिम्पेटचे दात तपासले, तर ते कोळ्याच्या धाग्यापेक्षाही मजबूत निघाले. लोहखनिजाचे तंतू आहेत त्यांत. नेराइटच्या दाताचा घाट वेगळा, एका रांगेत कितीतरी जास्त आणि बारीक. तिने घासलेल्या काचेवर नागमोडी रेघा उमटतात, त्या तिरप्या उन्हात बघाव्यात.

दुकानातली आणखी एक गोगलगाय, रॅम्सहॉर्न, लाल दिसते कारण तिच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन आहे. बाकीच्या बहुतेकींच्या रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून रक्त निळसर. आणि माशांच्या पांढऱ्या डागांवरच्या औषधात तेच तांबं असलं, तर गोगलगायी मरतात. औषधाची बाटली घेताना मागचं लेबल वाचा, दुकानदाराला विचारू नका.

रॅम्सहॉर्न मला रंगासाठी आवडते, पण ती वाढते फार. रेतीत दडून रात्री बाहेर पडणारी मलेशियन ट्रम्पेट तर नराशिवायच पिल्लांना जन्म देते. आवरत नाहीत म्हणून या गोगलगायी नाल्यात सोडून देणारे लोक आहेत. मिस्ट्रीची एक बहीण १९८०च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून तैवानला नेली, खायला म्हणून. लोकांना चव आवडली नाही, ती शेतात गेली आणि फिलिपिन्सपासून जपानपर्यंत भाताची कोवळी रोपं कुरतडत सुटली. तेव्हा नाला नको, ओढा नको, सोसायटीची विहीरही नको.

शेवाळाचं मूळ कारण उजेड आणि उरलेलं खाणं. टँक खिडकीपासून हलवा, दिवा आठ तासांपेक्षा जास्त नको, आणि माशांना चिमूटभर कमी घाला. गोगलगाय शेवाळ खाऊन त्याची लेंडी करते, ती उपसायची तुम्हालाच. एवढं करूनही हवीच असेल तर माझं मत नेराइटला: ठिपके सोसा, टाकीवर झाकण ठेवा, पाणी मऊ असेल तर कवचासाठी समुद्रफेसाचा तुकडा टाका. दुकानात काचेला घट्ट चिकटलेलीच उचला. तळाशी उलटी पडलेली फुकट मिळाली तरी घेऊ नका.