डग्ग्याचा आवाज कुठे गेला?

दिवाळीच्या सुट्टीत घराला रंग दिला नि जुना स्टिरिओ मीच पुन्हा जोडला. गाणं लागलं, पण तबल्याचा डग्गा ऐकूच येईना! चौथीतल्या लेकीने बटणं फिरवली असतील म्हणून तिला रागावलो. मग सीताबर्डीवरून महागडी जाड वायर आणली, जुनी बघून तशीच जोडली. फरक शून्य. (आठ ओहमच्या स्पीकरला चार-पाच मीटरसाठी साधी पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायरही पुरते, हे नंतर कळलं.)

लेक म्हणाली, "बाबा, शाळेत बल्बला लावता तसा सेल लावून पाहू ना." ॲम्प्लिफायरकडची टोकं काढली. लाल वायरीला दीड व्होल्टच्या सेलचं धन टोक, काळीला ऋण, क्षणभरच टेकवलं. एका स्पीकरचा पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला! त्याची वायर मीच उलटी जोडली होती. एक हवा ढकलतो तेव्हाच दुसरा ओढतो, मग खर्जाचा आवाज एकमेकांत जिरतो. वरचे सूर तेवढे जिरत नाहीत, म्हणून तर गाणं बरं चाललंय असं वाटतं.

वायर सरळ केली, डग्गा घुमला. लेक मात्र फुगलेलीच. माफी मागितली तर म्हणे, "वर्गातपण असंच रागावता का हो?"