हातभर अंतरावरचं जग

बाळ जितक्या महिन्यांचं, तितके तास रोज पट्टी. हिशेब सोपा आहे. पट्टी मात्र शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यावर नाही, चांगल्या डोळ्यावर लावायची. सासूबाईंना हे फोनवर समजावताना माझीच जीभ अडखळते. "अगं, धड आहे तोच झाकतेस?" हो आई, तोच.

लेकीच्या उजव्या डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू होता. मोतीबिंदू हा आजोबांचा आजार, असंच मी समजत आले होते. बातमी साताऱ्याला पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, "ग्रहणात बाहेर पडली होतीस का?" एकाच डोळ्यात असलेल्या अशा मोतीबिंदूचं कारण बहुतेकदा सापडतच नाही, हे डॉक्टर सांगतात. पण सापडत नाही म्हटलं की आईचं मन शोधायचं थोडंच थांबतं?

चंदीगडच्या पीजीआयमध्ये दोन महिने भरायच्या आत शस्त्रक्रिया झाली. घाईचं कारण डोळ्यात नव्हतं, मेंदूत होतं. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून ठेवला होता. टाके काढल्यावर डोळा ठणठणीत, पण मेंदू त्याचं ऐकेना. १९८१चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचाही वाटा आहे. मला मात्र ती पिल्लंच आठवत राहतात.

डोळ्यातलं गढूळ भिंग काढलं, आता त्याच्या जागी बाहेरून लेन्स. तिचा नंबर तिसाच्या आसपास. शिवाय तो मुद्दाम जवळचं दिसेल असा दिलेला, म्हणजे लेकीचं स्वच्छ जग जेमतेम हातभर लांबीचं. चंदीगडजवळच्या नॉलेज सिटीतल्या आमच्या गच्चीवरून पाऊस पडून गेल्यावर शिवालिकच्या टेकड्या दिसतात. त्या तिला धूसरच दिसणार म्हणून मी हळहळले, तर डॉक्टर म्हणाल्या, टेकड्या कशाला, पाजताना तुमचा चेहरा दिसला की झालं.

थेंब घड्याळ लावून. थेंब घातला की नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकावाटे अंगात उतरतं. बाहुली मोठी ठेवणाऱ्या थेंबांनी गाल लाल झाले की मी थर्मामीटर शोधते. डोळ्याचा दाब पुढे कधीही वाढू शकतो, म्हणून बुबुळ मोठं दिसतंय का, उजेडात डोळा मिटतेय का, हे पाहत बसते. इतकं टक लावून पाहिल्यावर कुठलंही बुबुळ मोठंच दिसतं.

एकदा नवरा धीर द्यायला म्हणाला, चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचा डावा डोळा १९१८मध्ये गेला होता, काय अडलं त्याचं? मी चिडले. त्याला तोवर तीस वर्षं दोन डोळ्यांनी बघायला मिळालं होतं की!

पट्टी लावली की ती आधी रडते, मग हाताने ओढते, मग गप्प होते. गप्प होते तेव्हा मला जास्त भीती वाटते. काय दिसतंय, हे ती सांगू शकत नाही. म्हणून तिच्यासमोरून खेळणं फिरवायचं आणि नजर मागोमाग येते का ते पाहायचं. आईने पाठवलेला लाल खुळखुळा घेतला तर मान झटकन वळली. घरभर आनंद. मग लक्षात आलं, ती आवाजाकडे वळली होती. खुळखुळ्यातले मणी काढून टाकले. मुका खुळखुळा फिरवला तर ती माझ्या मनगटाकडे बघत बसली. पण बांगड्याही वाजतातच. त्या उतरवल्या, तशी व्हिडिओ कॉलवर आई कळवळली, "एक तरी ठेव गं हातात."

एक ठेवली. एकटी बांगडी वाजत नाही.