बोगमाळोचे पंख

गोव्याला जाणारे अनेक प्रवासी दाभोळी विमानतळावर उतरतात आणि थेट समुद्रकिनाऱ्याची वाट धरतात. वास्को शहरानजीक, बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल हवाई संग्रहालयाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात निवृत्त विमाने उघड्या आकाशाखाली उभी आहेत, तर शेजारच्या दुमजली इमारतीत इंजिने, शस्त्रे आणि छायाचित्रे मांडली आहेत.

कापडाच्या पेढीचा भार मुलांवर सोपवून पक्षिनिरीक्षणात रमलेले सोलापूरचे एक गृहस्थ येथे आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात नेहमीची दुर्बीण होती. ‘सी हॅरियर’समोर ते बराच वेळ थांबले. हॅरियर म्हणजे माळरानावर झेपावत फिरणारा भोवत्या पक्षी. या विमानाच्या आधीच्या प्रायोगिक रूपाचे नाव होते केस्ट्रेल, म्हणजे आपला खरुची. वाऱ्याकडे तोंड करून खरुची हवेत एका जागी तरंगतो. हॅरियरही इंजिनाचा झोत खाली वळवून तसेच अधांतरी थांबू शके.

पुढे ‘आलिझे’ उभे होते. १९७१ च्या युद्धात हे विमान ‘विक्रांत’ या युद्धनौकेवरून उडत असे. नौकेवर जागा अपुरी, म्हणून त्याचे पंख दुमडता येतात. पक्ष्याला ही सोय जन्मतःच लाभलेली असते. आलिझे हा फ्रेंच शब्द व्यापारी वाऱ्यांसाठी आहे. ज्या वाऱ्यांच्या आधारे शिडाची गलबते माल घेऊन सागर ओलांडत, त्यांचे नाव एका लढाऊ यंत्राला मिळाले, याचे त्या व्यापारी गृहस्थांना मोठे नवल वाटले.

तीन उभ्या शेपट्यांचे अवाढव्य ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ पाहून ते वळले, तोच नारळीच्या माथ्यावरून एक ब्राह्मणी घार गेली. उतरताना तिने शेपूट पसरले, पंख उभे केले आणि वेग मोडला. विमानाच्या पंखांमागील झडपा उतरताना खाली येतात, त्या याच कामासाठी.

आकाश मात्र दोघांनाही एकच आहे, आणि तेथेच खरी अडचण आहे. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की आघात चौपट. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हंसांच्या थव्याशी टक्कर होऊन एका प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. वैमानिकाने ते हडसन नदीवर उतरवले, म्हणून १५५ जण वाचले. हंस वाचले नाहीत.

घारी विमानतळाकडे येतात त्या बहुधा आपण टाकलेल्या उष्ट्यामुळे आणि मांसाच्या अवशेषांमुळे. म्हणूनच भारताच्या १९३७ च्या विमान नियमांनी विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात पशुहत्या करण्यास आणि पक्षी ओढून आणणारा कचरा उघड्यावर टाकण्यास बंदी घातली. नियम कागदावर असतो. तो पाळायचा असतो दुकानदाराने, उपाहारगृहाने आणि सहलीस आलेल्या प्रत्येक कुटुंबाने.

दिवसअखेर त्या गृहस्थांच्या वहीत पक्ष्यांच्या नावांखाली एक सूचनाही नोंदवली गेली : शिदोरीचे उरलेले अन्न पिशवीत बांधून परत न्यावे. एवढ्याशा काळजीने घारीचा जीव वाचतो आणि विमानातील माणसांचाही.