मोहगावचे चोवीस खण

नागपूर सोडून सावनेरच्या पुढे उत्तरेकडे निघाले म्हणजे महाराष्ट्राची हद्द केव्हा संपली हे प्रवाशास पाट्यांवरून कळते, माणसांच्या बोलण्यावरून नव्हे. पाट्या हिंदी होतात. घरांत आणि बाजारात बोलणे मराठीच राहते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. परंतु सौंसर आणि पांढुर्णा या भागांनी आपली भाषा सोडली नाही. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्वी नागपूरहून छिंदवाड्यास अरुंद रुळांवरून एक छोटी गाडी डुलत जात असे. ती २०१५ मध्ये बंद झाली व आता त्या वाटेवर रुंद रूळ आहेत.

सौंसर तहसिलीतील मोहगावास आम्ही पोहोचलो तो नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस संत्र्यांच्या बागा, मधून मधून कापसाची पांढरी शेते आणि पिवळ्या फुलांवर आलेली तूर. सर्पिणी नदीच्या काठी अर्धनारीश्वराचे मंदिर आहे व त्यासाठी दुरून यात्रेकरू येतात. मोह हे या मुलखातील झाडाचे नाव. पण मोह हे माणसाच्या मनातील एका ओढीचेही नाव आहे. गावात शिरताना हा विचार आमच्या मनास सहज शिवून गेला. तो पुढे असा उपयोगी पडेल, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते.

आमच्या एका वसईकर स्नेह्याची कन्या या गावी दिलेली आहे. तिचे यजमान सौंसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामास जातात. घरी थोडी कपाशी व संत्र्याची लहानशी बाग आहे. रविवारच्या मिस्सेसाठी या कुटुंबास गावाबाहेर जावे लागते. घरात आठ महिन्यांचे बाळ, आणि येणारा नाताळ हा त्याचा पहिला नाताळ.

चहा झाल्यावर सूनबाईंनी आम्हांस एक चित्र दाखविले. ती आगमनकाळाची दिनदर्शिका होती: चोवीस लहान दारांची एक सुबक पेटी, १ डिसेंबरपासून रोज एक दार उघडावयाचे आणि प्रत्येक दारामागे बाळासाठी एक खेळणे. किंमत दोन हजारांच्या घरात. "काका, मागवू का?" असे तिने विचारले. यजमान मान खाली घालून बसले. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई मात्र बोलल्या, "लेकराले काय समजते बाप्पा? त्याले माय पाह्यजे. उसनवारीनं सण करू नये, एवढंच माह्यं म्हणणं हाये."

हे ऐकून कोणास वाटेल की म्हातारी कंजूष आहे. तसे नव्हते. संध्याकाळी अंगणात बसलो असता त्यांनी बांधापलीकडील झाडांकडे बोट दाखविले. पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यास त्यांनी साऱ्या आळीस जेवण घातले होते. पैसा सावकाराचा होता. पुढल्या हंगामात संत्र्याची फळगळ झाली, व्याज चढत गेले आणि बांधापलीकडचा बागेचा तुकडा गेला. "ते झाडं मीच लावले होते, भाऊ," एवढेच त्या म्हणाल्या. आजही रोज सकाळी ती झाडे त्यांच्या दृष्टीस पडतात आणि त्यांची फळे दुसऱ्याच्या गाडीत भरली जातात.

सूनबाईंचीही एक बाजू होती. तीही ऐकली पाहिजे. वसईस नाताळात घर माणसांनी भरून जाते. कोणी गोठा उभारतो, कोणी कंदील लावतो, कोणी गोडधोड तळतो. इथे ती एकटी. "बाळाचा पहिला नाताळ कोणाच्या ध्यानातही राहू नये का, काका?" असे म्हणताना तिचा कंठ दाटून आला. खरे पाहता तिला पेटी नको होती, माणसे हवी होती. पेटी विकत मिळत होती, एवढाच फरक.

आम्हांस त्या वेळी आमचा स्वतःचा प्रमाद सांगावा लागला. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या नातवासाठी अशीच एक महाग पेटी मोठ्या हौसेने आणली होती. त्याने दोन दिवसांत बारा दारे फाडली व पुठ्ठा चघळला. आतील निम्मी खेळणी इतकी बारीक होती की ती त्याच्या घशात जातील या भीतीने त्याच्या आईने कपाटावर ठेवून दिली. मूल खेळले ते पेटीच्या कागदाशी. तो चुरगळला म्हणजे आवाज होतो, हा शोध त्यास फार आवडला.

या दिनदर्शिकेचा इतिहास पाहिला तर तिचे मूळ खर्चात नाही, असे दिसते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लुथरन घरांत दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढीत आणि मुले रोज एक पुसून टाकीत. कॅथलिक घरांत रिकाम्या गव्हाणीत रोज एक काडी ठेवावयाची, आणि तीही दिवसभरात एखादे सत्कृत्य केले असेल तरच; म्हणजे नाताळच्या रात्री बाळ येशूस मऊ अंथरूण मिळावे. खर्च काय तो खडूचा आणि गवताचा. पुढे म्युनिकचे मुद्रक गेरहार्ड लांग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापील दिनदर्शिका काढली. त्यांच्या लहानपणी आई पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटे शिवून देत असे, त्या आठवणीतून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेना म्हणून हे छापकाम थांबले. १९४६ मध्ये रिशार्ड सेल्मर यांनी स्टुटगार्टमध्ये ते पुन्हा सुरू केले. चॉकलेटे व खेळणी या दारांमागे नंतर शिरली. प्रथा लुथरन घरांतून आली म्हणून ती आपणांस परकी मानण्याचे कारण नाही. छिंदवाड्यातही स्वीडनच्या मिशनऱ्यांनी उभारलेली लुथरन ख्रिस्तसभा आपली शेजारीण आहेच.

आणखी एक गोष्ट. आपल्या ख्रिस्तसभेचा आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होतो व दरवर्षी बावीस ते अठ्ठावीस दिवसांचा असतो. चोवीस हा आकडा छापणाऱ्यांच्या सोयीचा. तेव्हा चोवीस वस्तू पाहिजेतच, असा कोणताही धर्मनियम नाही.

रात्री जपमाळ झाली. मग सासूबाई उठल्या आणि त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली. तीत ओटीत आलेले, वर्षानुवर्षे न शिवलेले चोळीचे खण होते: हिरवे, जांभळे, डाळिंबी. "खणाचे खण करू," असे म्हणून त्या स्वतःच हसल्या. जुन्या चादरीवर त्या कापडाचे चोवीस खिसे शिवले गेले. दिव्याच्या उजेडात सासू कापीत होती व सून टाके घालीत होती, आणि बऱ्याच दिवसांनी त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या, असे यजमानांनी आम्हांस हळूच सांगितले.

आता भरावयाचे काय? आम्ही सर्वांनी बसून याद केली. ती वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. पहिला नियम असा ठरला की, जे बाळासाठी घ्यावयाचेच आहे तेच खणात जावे. साबणाची वडी, पायमोजे, लोकरीची टोपी, दोन लंगोट, दात येताना चावावयाची कडी. यांचा खर्च डिसेंबरात होणारच होता. सहा खण असे भरले. दुसरा नियम, घरातील वस्तू बाळास नव्याच असतात. लाकडी पळी, स्टीलची वाटी, बैलाच्या गळ्यातील मोठी घाटी, आजीच्या लुगड्याचा मऊ तुकडा, आणि खुळखुळ वाजणारा वाळका भोपळा, पण तो न फुटलेला. महिनाभर दडवून ठेवलेले जुने खेळणेही नव्यासारखेच वाटते. तिसरा नियम, गावाने फुकट दिलेले घ्यावे. एक आख्खे संत्रे, त्याचा रंग व वास. आईने हातात धरून गालास लावलेले कापसाचे बोंड. नदीकाठी एक फेरी. या फेरीसाठी खणात नुसती चिठ्ठी पुरे.

बाळाच्या बाबतीत काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. जे तोंडात मावेल ते हाती देऊ नये. गोट्या, मणी, बिया, नाणी हे सर्व वर्ज्य. कापूस नुसता दाखवावा, हाती सोडू नये. चादर भिंतीवर उंच टांगावी, तिच्या नाड्या पाळण्याजवळ लोंबू देऊ नयेत. खाऊ द्यावयाचा तर कुस्करलेले केळे, पिकली पपई किंवा उकडलेले रताळे. वर्षाच्या आतील मुलास मध मुळीच देऊ नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. चॉकलेटाची तर गरजच नाही.

काही खण ख्रिस्तसभेच्या पंचांगानेच भरले. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. १५५२ साली याच दिवशी ते देवाघरी गेले. त्या दिवशी गोव्याच्या यात्रेची गोष्ट सांगावयाची. ८ डिसेंबरला पवित्र मरियेच्या मूर्तीस बाळाच्या हाताने फूल. १३ रोजी संत लुसीचा सण, म्हणून दिवाळीतून उरलेली पणती, ती मात्र बाळाच्या हातापासून दूर. १७ तारखेपासून नाताळची जवळची तयारी सुरू होते, तेव्हा रोज गोठ्यात एक मूर्ती मांडावयाची: आधी गाय, मग मेंढरू, मग मेंढपाळ. ६ डिसेंबर संत निकोलस यांचा. ते गुपचूप देणारे संत. म्हणून त्या खणातून काढावयाचे ते दुसऱ्यास देण्यासाठी. शेतावर कापूस वेचावयास येणाऱ्या बाईचे तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत असते, आणि सातपुड्याच्या पायथ्याची डिसेंबरची थंडी काही साधी नव्हे. त्या खणात गोधडी मावेना, म्हणून ती घडी करून खाली ठेवली व खणात नुसती खूण घातली. ही सूचना सासूबाईंची.

तेवीस खण भरले. एकंदर जादा खर्च शंभर रुपयांच्या आत राहिला. चोविसावा खण रिकामाच होता. बाळ येशूची मूर्ती त्यात ठेवावी असे आम्ही सुचविले, पण सासूबाईंनी मान हलविली. मूर्तीची जागा गव्हाणीत. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "त्या पेटीचे पैसे तू देणारच होता ना? मंग इच्या मायबापाच्या तिकिटाले दे."

सूनबाईंच्या हातातील सुई थांबली. त्या काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांस लावून आत गेल्या.

१ डिसेंबरला पहिला खण आमच्यासमोर उघडला. त्यात लाकडी पळी निघाली. बाळाने ती वाटीवर आपटली, आवाजाने स्वतःच दचकले आणि पुन्हा आपटली. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या वाटेस लागलो.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा फोन आला. चोविसाव्या खणात एकच चिठ्ठी होती, "आज आजी-आजोबा येणार." मुंबईहून नागपूरला येणारी गाडी त्या सकाळी बरीच उशिरा आली. दोन्ही आज्या प्रथमच एका अंगणात बसल्या. बाळाने वसईच्या आजीस ओळखले नाही, रडले, आणि तासाभराने तिच्याच मांडीवर झोपले.

आगमन म्हणजे येणे. प्रभू येशू बेथलेहेमास आला तो वस्तू घेऊन आला नाही, स्वतः आला. वाचकहो, आपल्या घरी यंदा लहान मूल असेल तर खण अवश्य शिवा, आणि त्यांतील एक खण येणाऱ्या माणसासाठी राखून ठेवा. तो सर्वांत स्वस्त पडेल असे आम्ही म्हणत नाही. पण तो पैसा वाया गेला असे त्या घरात कोणीही म्हणणार नाही.